तोफेने तोंड मिटलं

मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये तिला सगळे तोफ म्हणायचे, तेही अगदी तोंडावर, आणि राग येण्याऐवजी तिची मान ताठ व्हायची. का नाही होणार? पत्र्याची ती लांबलचक शेड, त्यात क्रेट आपटतायत, बर्फ फोडायचं यंत्र खडखडतंय, ढकलगाड्या करकरतायत, सगळे एकाच वेळी बोलतायत, आणि या सगळ्याच्या वर हिचा एकटीचा आवाज. हिने बोली पुकारायला घेतली की बाहेर धक्क्यावर बोट बांधणाऱ्या माणसालाही कळायचं, कोळंबी चढली की उतरली.

ओटा सासऱ्यांचा. ओटा म्हणजे शेडच्या मधोमध बांधलेला सिमेंटचा चौथरा. त्यावर उभं राहून लिलाव पुकारायचा. सासऱ्यांना दोन मुलगे. थोरला म्हणजे हिचा नवरा. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि बोलायचा इतकं कमी, की सलग दोन वाक्यं बोलला तर घरच्यांना वाटायचं काहीतरी विपरीत घडलंय. धाकटा, म्हणजे हिचा दीर, चांगला बोलका होता आणि ओटा आपल्यालाच मिळणार म्हणून निवांत होता. पण म्हाताऱ्याने दोघांना बाजूला ठेवून ओट्यावर सुनेला चढवलं. आवाज हिच्याकडे आहे, एवढंच म्हणाला आणि खाली उतरला. तेव्हापासून दिराच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही.

आणि असल्या बाईला दमा व्हावा, म्हणजे काय म्हणायचं आता!

सुरुवातीला साधा खोकला होता. मग पहाटेची घरघर सुरू झाली. मग जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून, जणू काही आठवतंय असं दाखवायची वेळ आली. डॉक्टरांनी पंप दिला, तो ती ओढायची, पण चोरून, बर्फाच्या यंत्रामागे जाऊन. तोफेला धाप लागते हे बाजाराला कळलं तर संपलंच. पण असल्या गोष्टी झाकून राहतात थोड्याच. गेल्या हंगामात सगळ्यात मोठ्या बोटीचा माल लागला होता, बोली रंगात आली होती, आणि ऐन त्या वेळी हिच्या छातीत कळ आली, खोकल्याची उबळ उठली आणि वर धरलेला हात आपोआप छातीवर गेला.

आता या बाजाराचा कायदा असा, की पुकारणाऱ्याचा हात वर आहे तोवर बोली चालू, हात खाली आला की माल विकला. मग तो हात मनाने आणलेला असो नाहीतर खोकल्याने. बोटीच्या मालकाची सगळ्यात चांगली मासळी मातीमोल भावाने गेली. त्याने भर शेडमध्ये तिच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि उत्तर द्यायचं तर राहिलंच, ती श्वासही घेऊ शकत नव्हती. बाजाराच्या अध्यक्षांनी बैठक बोलावली. ठरलं ते असं: पुढच्या हंगामाच्या पहिल्या लिलावाला मोठी बोट तिने पुकारायची आणि दुसरी बोट दिराने, बाजूला तात्पुरता ओटा मांडून. तिचा हात पुन्हा एकदा असा खाली आला, तर सासऱ्यांचा ओटा कायमचा दिराचा.

दीर घरी येऊन किती गोड बोलला! वहिनी, आता आराम करा, किती वर्षं राबलात, असं आणि तसं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तोंड उघडून चार शब्द सुनावणार, तोच खोकला आला. तो गेल्यावर ती खुर्चीत बसून रडली. आवाजाशिवाय आपण कोण, हा प्रश्न तिला तोवर कधी पडलाच नव्हता.

लेकीने मग तिला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी औषध बदललं, पंप नीट कसा ओढायचा ते शिकवलं, आणि जाता जाता सांगितलं की समोरच्या खोलीत एक संशोधन चाललंय, वाटलं तर विचारून बघा. समोरच्या खोलीत होती श्वासबाई. हे नाव तोफेनेच ठेवलं. ती होती व्यायामोपचार करणारी, वयाने लेकीपेक्षा थोडीच मोठी, आणि तिचा आवाज इतका हळू की तोफेला पहिल्यांदा वाटलं हिलाच काहीतरी दुखणं आहे. औषधाच्या जोडीला श्वासाचे व्यायाम केले तर दम्याच्या माणसाचं जगणं सोपं होतं का, हे तिला शोधायचं होतं. निम्म्या लोकांना व्यायाम आत्ता शिकवायचे, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर. कोण कुठे ते कॉम्प्युटर ठरवणार. दमा जाईल असं वचन ती देत नव्हती. आणि पंप सोडायचा नाही, हे तिने तीन वेळा बजावलं.

कॉम्प्युटरने तोफेला व्यायामाच्या बाजूला टाकलं. मोठा माल आपल्या बोलीवर सुटावा तशी ती खूश झाली.

खूश झाली खरी, पण पहिल्याच दिवशी तिचं तोंड उतरलं. कारण श्वासबाईने सांगितलं, तोंड मिटा. श्वास नाकाने घ्यायचा, तोही थोडासा, हळू, पोटावरचा हात जेमतेम हलेल इतपत. सोडायचा त्याहून हळू. सोडून झाला की जरा थांबायचं, पुढच्या श्वासाची पहिली इच्छा होईपर्यंत, आणि इच्छा झाली की घ्यायचा. बस्स. तोफेला वाटलं होतं छाती फुगवायला शिकवतील, फुगे फुगवायला देतील, आणि इथे तर बाई म्हणतेय कमी घ्या! घरी येऊन तिने नवऱ्याला हे तणतणत सांगितलं. नवऱ्याने हातातला पाना खाली ठेवला, विचार केला आणि म्हणाला, "तुझं तोंड मिटवायला त्या बाईला इस्पितळाने नेमलंय? आधी कळलं असतं तर मीच वर्गणी दिली असती." हे त्याचं त्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं बोलणं.

पण गोष्ट बिघडली ती दुसरीकडेच. वर्गात सात-आठ जण होते. शेजारच्या खुर्चीत एक शिंपी बसायचा, पलीकडे शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. एकदा श्वासबाई फोन घ्यायला बाहेर गेली. शिंपी सहज म्हणाला की श्वास सोडल्यावर मी मनात अमुक आकड्यापर्यंत थांबतो. बस्स, त्याने आकडा उच्चारला आणि तोफेचा हात आपोआप वर गेला. जन्माची सवय ती, जाणार कुठे? तिने शिंप्याच्या वरचा आकडा सांगितला आणि थांबूनही दाखवला. शिंप्याला चेव आला. गणिताच्या बाईंना तर आकड्यांचंच वेड. तोफ हात वर धरून पुकारतेय, आणखी कोण, आणखी कोण, आणि ज्यांनी शांत बसून श्वास सोडायचा ती दमेकरी मंडळी गाल फुगवून, डोळे वटारून श्वास कोंडून बसलीयत. श्वासबाई परत आली तेव्हा शिंपी जांभळा पडला होता, गणिताच्या बाई खोकून खोकून वाकल्या होत्या आणि खुद्द तोफ पिशवीत पंप शोधत होती.

सगळ्यांना पंप देऊन, पाणी देऊन, छाती तपासून झाल्यावर त्या हळू आवाजाच्या बाईने तोफेला बाजूच्या खोलीत घेतलं. आवाज तेव्हाही चढला नाही. इथे कुणाच्या जिवावर बेतलं असतं, आणि अभ्यासही तिथेच बंद पडला असता, असं ती म्हणाली. उद्यापासून तुम्ही आला नाहीत तर बरं.

तोफेच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यात तिने कुणापुढे हात जोडले नव्हते, ते त्या दिवशी जोडले. आणि मग ओटा, सासरे, दीर, छातीवर गेलेला हात, मातीमोल गेलेली मासळी, सगळं सांगून टाकलं. श्वासबाईने ऐकून घेतलं.

"इथे जो जास्त थांबतो तो जिंकत नाही," ती म्हणाली.

"मग कोण जिंकतं?"

"जो थांबून झाल्यावरही गडबडत नाही तो."

तिने तोफेला ठेवून घेतलं. वर, तुम्ही काम करता कसं ते मला बघायचंय, असंही म्हणाली. म्हणून एका पहाटे, छोट्या बोटींचा किरकोळ लिलाव असताना, ती गळ्याभोवती मफलर गुंडाळून शेडमध्ये येऊन उभी राहिली.

तिने पाहिलं ते असं. ओट्याच्या पायाशी बर्फाचे क्रेट, त्यांतून पांढरी वाफ उठतेय. तोफ वर उभी राहून तोंडाचा पट्टा सोडते, मध्ये श्वास संपला की आ करून बर्फगार हवेचा मोठा घोट घेते, आधीचा श्वास धड सोडतही नाही, आणि पुन्हा सुरू. पाच-सहा मालांनंतर खांदे कानाला लागलेले आणि गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. लिलाव संपल्यावर श्वासबाई म्हणाली की तुम्ही इथे उभ्या राहून बर्फ गिळताय, छाती आखडणार नाही तर काय होईल. तीच हवा नाकाने आली तर वाटेत ऊब घेऊन येते. मधे थांबा, तोंड मिटा, श्वास पूर्ण सोडा, मग नाकाने घ्या.

तोफ हसली. पुकारणारा थांबला की घेणाऱ्यांना वाटतं माल गेला, सगळं थंड पडतं, असं तिने समजावलं. श्वासबाईने विचारलं, पण तुम्हीच सांगितलंत ना की माल हात खाली आल्यावर जातो? मग हात वर ठेवून गप्प राहिलं तर? तोफ उत्तर द्यायला गेली आणि अडखळली. सासऱ्यांच्या आधीपासून या ओट्यावर इतकी माणसं उभी राहिली, पण हात वर ठेवून कधी कुणी गप्प राहिलंच नव्हतं. कायदा हाताचा होता, आणि भीती मात्र सगळ्यांनी आवाजाची धरली होती. हा विचार दोघींनाही एकदमच पटला.

मग सराव सुरू झाला, आणि त्याने तिच्या नाकी नऊ आणले. भांडी घासताना, रस्त्याने चालताना, नवऱ्याच्या इंजिनाच्या धडधडीत, कुठेही ती हात वर करून बोली पुकारायची आणि मधेच तोंड मिटून उभी राहायची. शेजाऱ्यांना वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पहिले काही आठवडे तर नुसता वैताग. गप्प बसलं की गुदमरायला व्हायचं, श्वास पुन्हा तोंडानेच ओढला जायचा. तिने दोनदा सगळं सोडूनही दिलं. मग एकदा लेकीकडे गेली असताना जिना चढून वर पोचली आणि तिच्या लक्षात आलं की मधल्या पायरीवर आपण काही आठवायला थांबलोच नाही. दारातच तिने लेकीला मिठी मारली. लेक विचारत राहिली की अगं झालं काय.

हंगामाची पहिली पहाट आली. मोठी बोट धक्क्याला लागली, तिच्यामागे दुसरी. शेड खचाखच भरली. निम्मे लोक मासे घ्यायला आले होते आणि निम्मे तोफ कशी पडते ते बघायला. बोटीचा मालक, तोच तो गेल्या वर्षीचा, पालथ्या क्रेटवर हाताची घडी घालून बसला होता. नवरा कधी नव्हे तो शेडमध्ये आला होता. श्वासबाई एका खांबाला टेकून उभी होती. तिकडे तात्पुरत्या ओट्यावर दीर नवा शर्ट घालून चढला आणि चढल्या चढल्या असा काही गर्जू लागला की कान किटले.

तोफ ओट्यावर चढली. तिने पंप ओढला, या वेळी सगळ्यांसमोर. बघू देत, म्हणाली मनाशी. मग हात वर केला आणि पुकारायला लागली, पण नेहमीपेक्षा खालच्या आवाजात. मागच्या लोकांना पुढे सरकून ऐकावं लागलं. बोली चार-पाच पायऱ्या चढली आणि जिथे ती नेहमी हवेचा घोट घ्यायची तिथे तिने तोंड मिटलं.

शेडच्या त्या बाजूला एकदम सामसूम झाली. हात वर, डोळे समोर, आणि तोफ गप्प. कुणीतरी कुजबुजलं, गेली वाटतं. पण दुसरीच गंमत झाली. इतकी वर्षं घेणारे तिच्या आवाजाच्या आड लपून बोली लावायचे. कोण चढवतंय, कोण मागे हटतंय, कुणाला कळायचं नाही. आता आडोसाच गेला. डबाबंद मासळीच्या कारखान्याचा माणूस आणि मोठ्या हॉटेलची खरेदीवाली बाई उघड्यावर समोरासमोर आले. ती शांतता काही त्यांना सोसेना. हॉटेलवालीने घसा खाकरला आणि बोली चढवली. कारखानेवाल्याने लगेच वर घातली. तोफेने फक्त आकडा उचलून सांगितला, आणि पुन्हा तोंड मिटलं.

"तोंड थांबलं! बोली तुटली!" दीर आपला माल अर्धवट सोडून पलीकडून ओरडला.

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. जुनी तोफ असती तर दिराची अशी काही खरडपट्टी काढली असती की शेड हसून लोळली असती, आणि त्यातच तिचा सगळा दम खर्च झाला असता. तिने नुसतं आपल्या वर धरलेल्या हाताकडे डोळ्यांनी दाखवलं. अध्यक्षांनी त्या हाताकडे पाहिलं.

"हात वर आहे," ते म्हणाले. "बोली चालू."

मग रंग भरला. माल चढत गेला, एकामागून एक. बोटीचा मालक क्रेटवरून उठून उभा राहिला. आणि शेवटच्या, सगळ्यात मोठ्या मालाला, कुणीतरी ताज्या बर्फाची आख्खी गाडी ओट्याखाली ओतली. थंड वाफ सरळ तिच्या चेहऱ्यावर आली. छाती आवळली. तीच ती ओळखीची कळ, तीच उबळ घशाशी आली, आणि वर धरलेला हात थरथरला. छातीकडे यायचं होतं त्याला. नवऱ्याने डोळे मिटून घेतले. खांबाजवळ श्वासबाईचा हात पिशवीतल्या दुसऱ्या पंपावर गेला.

तोफेला भीती वाटली, खूप वाटली. पण तिने श्वास ओढून घेतला नाही. तिने सोडला. होता नव्हता तेवढा श्वास हळूहळू, नाकाने, सोडत राहिली, भर बाजारात, सगळे बघत असताना. मग थांबली. पहिली इच्छा झाली तेव्हा थोडासा घेतला. पुन्हा सोडला. छातीतली गाठ एकेक वळसा सैल होत गेली. आणि या सगळ्या वेळात, हात आता पडतोय आणि माल दुसऱ्याला जातोय असं वाटून घाबरलेल्या हॉटेलवालीने आणि तिच्यावर मात करायला टपलेल्या कारखानेवाल्याने, त्या शांततेत, एकमेकांच्या वर तीनदा चढवलं!

हात खाली आला तो तिच्या मनाने, तिला पाहिजे तेव्हा. इतका भाव त्या शेडने कधी ऐकला नव्हता. लोकांनी क्रेट वाजवले. बोटीचा मालक पुढे आला. त्याने तिला चक्क वाकून नमस्कार केला. नवरा मात्र तिथल्या तिथे बोलला. "वडील असते तर खाली उतरले नसते, ऐकत उभे राहिले असते," म्हणाला आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं.

श्वासबाईने तिला बर्फाच्या यंत्रामागे नेऊन फुंकायची नळी दिली. छातीचा जोर मोजायची ती. तोफेने फुंकलं आणि आकडा पाहिला. जवळजवळ पहिल्या दिवशी होता तितकाच! तिचा चेहरा पडला. एवढं करून काहीच नाही झालं? श्वासबाई मात्र हसत होती. माझाही अंदाज असाच होता, म्हणाली. दमा आहे तिथेच आहे, औषध चालूच ठेवायचं. पण आज तुम्ही जे केलंत ते याच छातीने केलंत, दुसऱ्या कुणाच्या नाही, आणि मी शोधतेय ते हेच. तुमच्या एकटीवरून मात्र मी जगाला काही सांगणार नाही. बाकीच्यांचं काय झालं ते मोजून झाल्यावरच बोलेन. तोफेला हे मनापासून आवडलं. हात खाली यायच्या आत माल गेला म्हणायचं नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

ती परत शेडमध्ये आली तर दिराच्या ओट्याभोवती गोंधळ माजला होता. पहाटेपासून गर्जून गर्जून त्याचा घसा पार बसला होता. दुसऱ्या बोटीचा अर्ध्याहून जास्त माल पडून होता, बर्फ वितळत होता, घेणारे कंटाळून निघायच्या बेतात होते आणि त्याच्या तोंडून नुसती हवा येत होती. गर्दीतून वाट काढत तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. नवा शर्ट घामाने चिकटला होता.

"वहिनी," तो कसाबसा म्हणाला, "उरलेलं तुम्ही घ्या. ओटा तुमचाच आहे."

तिच्या जिभेवर किती काय काय आलं! वर्षानुवर्षं साठलेलं होतं ते. पण तिला एकदम त्याच्या बसलेल्या घशाची कीव आली. आवाज गेल्यावर माणसाला काय होतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"गरम पाणी प्या, भावोजी," ती म्हणाली, "आणि मग या माझ्या शेजारी उभं राहायला."

तिने दुसऱ्या बोटीचा माल आपल्या ओट्यापाशी मागवला आणि उन्हं शेडमध्ये शिरेपर्यंत तो शेवटच्या क्रेटपर्यंत पुकारला. मग ती कुणाचा हात न धरता ओट्यावरून उतरली, आणि घरापर्यंतचा चढ नवऱ्याशी बोलत बोलत चढून गेली.